श्यानता वाढली, तरी विसरण का घटले नाही?

प्रश्न : मी जैवभौतिकीचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. प्रकल्पासाठी मी बोवाइन सीरम अल्ब्युमिन या प्रथिनाची वेगवेगळ्या संहतीची द्रावणे तयार केली. श्यानतामापकात पाहिले तर संहतीबरोबर श्यानता (वाहण्याला होणारा द्रवाचा विरोध) वाढत जाते आणि शेवटच्या द्रावणात ती पाण्याच्या कित्येक पट होते. स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्रानुसार त्याच प्रमाणात विसरण गुणांक, म्हणजे रेणू किती वेगाने पसरतात याचे माप, घटायला हवा. विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून रेणूंची हालचाल मोजणाऱ्या डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग यंत्रावर मात्र तो घटण्याऐवजी थोडा वाढलेलाच दिसतो. द्रावणे चुकली, यंत्र चुकले की सूत्र?

उत्तर : बहुधा तिन्हींपैकी काहीही चुकलेले नाही. विरल द्रावणात विसरण गुणांक एकच असतो. दाट द्रावणात त्याचे किमान दोन वेगळे गुणांक होतात, आणि आपल्या यंत्राने मोजलेला गुणांक हा श्यानतेशी ताडून पाहण्याजोगा गुणांक नव्हे. हे नीट कळण्यासाठी आधी सूत्र कशाविषयी बोलते ते पाहू.

जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये द्रवातून सरकणाऱ्या गोलाला होणारा विरोध काढून दाखवला. १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे विल्यम सदरलँड यांनी, त्या विरोधाची सांगड रेणूंच्या उष्माजन्य हालचालीशी घातली. बोल्ट्झमन स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराला सहा पाय, श्यानता आणि कणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागले की विसरण गुणांक मिळतो. अल्ब्युमिनची जलगतिकीय त्रिज्या (पाण्यातून सरकताना रेणू जेवढ्या गोलासारखा वागतो त्याची त्रिज्या) सुमारे ३.५ नॅनोमीटर आहे आणि २५ अंश सेल्सियसला पाण्याची श्यानता ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते. या आकड्यांवरून गुणांक सेकंदाला सुमारे ७० चौरस मायक्रोमीटर इतका येतो, आणि आपल्या सर्वांत विरल द्रावणाचे मोजमाप याच्या आसपास आले असावे. मात्र या सूत्रातली श्यानता ही द्रावकाची, म्हणजे पाण्याची आहे, द्रावणाची नव्हे. सूत्रातला गोल एकटा आहे, त्याच्या शेजारी दुसरा गोल नाही, आणि भोवतालचा द्रव त्याच्या मानाने इतका बारीक आहे की तो अखंड मानता येतो. दाट द्रावणात यातली एकही अट पाळली जात नाही. अशा वेळी द्रावकाच्या जागी द्रावणाची श्यानता घालणे हा सिद्धांत नसून एक अंदाज आहे, आणि तो कधी चांगला तर कधी साफ निरुपयोगी ठरतो.

दाटी म्हणजे नेमकी किती, याचा हिशेब आपल्याच प्रथिनावर करून पाहावा. लिटरमध्ये १०० ग्रॅम अल्ब्युमिन असेल, तर रेणूंची संख्या पाहता दोन शेजाऱ्यांच्या केंद्रांमधले सरासरी अंतर जेमतेम १० नॅनोमीटर भरते. रेणूचा जलगतिकीय व्यास ७ नॅनोमीटर आहे, म्हणजे मधली मोकळी जागा ३ नॅनोमीटर उरते. लिटरमध्ये ३०० ग्रॅमला केंद्रांमधले अंतर ७ नॅनोमीटरच्या किंचित वर राहते आणि मोकळी जागा जवळजवळ संपते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर एक ग्रॅम कोरड्या प्रथिनाचे घनफळ सुमारे ०.७३ मिलिलिटर असते, त्यामुळे १०० ग्रॅम प्रथिन लिटरचा सात टक्केच भाग व्यापते असे वाटते. पण सोबत फिरणारे पाणी आणि रेणूचा वेडावाकडा आकार धरून जलगतिकीय घनफळ काढले तर तोच वाटा सोळा टक्क्यांवर जातो. पुस्तकातली सूत्रे वापरताना यांपैकी कोणता वाटा घातला यावर उत्तर दुपटीने बदलते, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत बहुतेक घोळ इथेच होतो.

श्यानतेची बाजू तुलनेने सरळ आहे. आइन्स्टाइन यांनीच दाखवले की विरल द्रावणात सापेक्ष श्यानता (द्रावणाची श्यानता द्रावकाच्या किती पट) ही एक अधिक घनफळाच्या वाट्याची अडीच पट इतकी असते. (१९०६ च्या मूळ लेखात हा अडीचचा आकडा चुकून एक असा पडला होता, ज्याँ पेरँ यांच्या प्रयोगशाळेतली मोजमापे जुळेनात म्हणून गणित पुन्हा तपासले गेले आणि १९११ मध्ये दुरुस्ती छापली गेली.) जॉर्ज बॅचलर यांनी १९७७ मध्ये त्यात वाट्याच्या वर्गाची ६.२ पट अशी पुढची भर घातली. सोळा टक्के वाटा घातला तर श्यानता पाण्याच्या दीड पटीहून थोडी अधिक येते. पुढे मात्र ही मालिका अपुरी पडते, कारण वाटा वाढला की श्यानता सरळ रेषेत न वाढता झपाट्याने उसळते. आदर्श कठीण गोलांच्या बाबतीत ५८ टक्क्यांच्या सुमारास द्रावण काचेसारखे गोठल्यागत होते. आपल्या शेवटच्या द्रावणात श्यानता पाण्याच्या कित्येक पट दिसते ती या चढावर.

आता विसरणाकडे वळू. एका रेणूला खूण करून तो किती दूर भटकतो हे पाहिले, तर मिळतो तो स्वविसरण गुणांक. याउलट द्रावणात एके ठिकाणी संहती थोडी जास्त आणि शेजारी थोडी कमी असेल, तर तो फरक किती वेगाने बुजतो हे पाहिले की मिळतो तो सामूहिक विसरण गुणांक. एकटा रेणू असताना या दोन्ही गोष्टी एकच असतात. शेजारी आले की त्यांच्या वाटा फुटतात. खच्चून भरलेल्या गर्दीत एखाद्याला दहा पावले पुढे जायला फार वेळ लागतो, पण एका टोकाला दिलेला रेटा क्षणात दुसऱ्या टोकाला पोचतो, तसेच काहीसे हे आहे.

या रेट्याचे गणित मोठे रंजक आहे. संहतीतला फरक बुजवणारे बल परासरण दाबातून येते. कठीण गोल एकमेकांत शिरू शकत नाहीत, त्यामुळे संहती वाढवली की परासरण दाब प्रमाणाबाहेर वाढतो. पहिल्या पायरीपुरते बोलायचे तर हे ढकलणारे बल घनफळाच्या वाट्याच्या आठपटीने वाढते. त्याच वेळी एक रेणू पुढे सरकला की त्याने बाजूला सारलेले पाणी उलट वाहते आणि शेजाऱ्यांना अडवते. हा अडथळा बॅचलर यांच्या हिशेबाने वाट्याच्या ६.५५ पट आहे. आठातून ६.५५ गेले की उरतात १.४५. म्हणजे वाटा दहा टक्के असेल तर सामूहिक विसरण गुणांक सुमारे साडेचौदा टक्क्यांनी वाढतो. त्याच द्रावणात, त्याच क्षणी, दीर्घकालीन स्वविसरण गुणांक सुमारे एकवीस टक्क्यांनी घटतो आणि श्यानता तीस टक्क्यांच्या आसपास वाढते. विद्युतभार किंवा चिकटपणा अशा कोणत्याही कारणाविना, नुसत्या जागेच्या अडचणीमुळे हे घडते.

अल्ब्युमिनवर तर विद्युतभारही आहे. उदासीन पीएचला त्याचा निव्वळ भार ऋण असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर लोटतात. हे लोटणे किती लांबपर्यंत जाणवते ते मिठावर ठरते: मिठाची संहती लिटरमध्ये एक मिलिमोल असेल तर विद्युतबलाचा पल्ला दहा नॅनोमीटरच्या जवळ असतो, आणि १५० मिलिमोल असेल तर तो एक नॅनोमीटरच्याही आत येतो. वर काढलेली ३ नॅनोमीटरची मोकळी जागा या दोन आकड्यांच्या मध्ये येते. म्हणून कमी मिठाच्या द्रावणात प्रत्येक रेणू शेजाऱ्याचे बल सतत सोसत असतो, परासरण दाब आणखी वाढतो आणि सामूहिक विसरण चांगलेच वेगवान होते. आपण द्रावण नुसत्या पाण्यात केले होते की पीएच स्थिर ठेवणाऱ्या बफरमध्ये, हे आपण लिहिलेले नाही. पण गुणांक वाढलेला दिसतो यावरून मीठ कमी असावे असा माझा कयास आहे. तीच द्रावणे १५० मिलिमोल सोडियम क्लोराइड घालून पुन्हा मोजली तर ही वाढ बरीचशी ओसरलेली दिसेल. संहती आणखी वाढवत नेली तर पाण्याच्या उलट प्रवाहाचा अडथळा वरचढ होतो आणि अखेरीस सामूहिक गुणांकही खाली येतो.

आपले यंत्र यांतले नेमके काय पाहते? ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर आणि जवळजवळ मागच्या दिशेने येणारा प्रकाश टिपणारी मांडणी असेल, तर यंत्र सुमारे २४० नॅनोमीटर लांबीच्या संहतीच्या लहरी कशा विरतात ते मोजते. एवढ्या लांबीत एका ओळीत पंचवीसच्या आसपास रेणू बसतात. एकटा रेणू या यंत्राला दिसतच नाही. दिसते ती गर्दीची दाट-विरळ होणारी हालचाल. म्हणजे यंत्राने सामूहिक विसरण मोजले आणि ते अचूकच मोजले.

यंत्रासोबतची संगणकप्रणाली गुणांकावरून त्रिज्या काढून देते, तेव्हा मात्र सावध राहावे. ती स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्र उलटे वापरते. श्यानतेच्या रकान्यात पाण्याची श्यानता ठेवली, तर वाढलेल्या गुणांकामुळे रेणू लहान झाल्याचे दिसते. चूक सुधारण्याच्या हेतूने तिथे द्रावणाची मोजलेली श्यानता घातली, तर प्रकार आणखी हास्यास्पद होतो: गुणांक बदलला नाही आणि श्यानता चौपट झाली असेल, तर ३.५ नॅनोमीटरचा रेणू ०.९ नॅनोमीटरचा निघतो, म्हणजे घडी घातलेल्या प्रथिनसाखळीपेक्षाही लहान. त्रिज्या हवी असेल तर द्रावण विरल करत जावे आणि आलेखाची रेषा शून्य संहतीपर्यंत वाढवून तिथला गुणांक घ्यावा. दाट द्रावणाची त्रिज्या छापूच नये.

श्यानतेशी ताडून पाहायचे असेल तर स्वविसरण मोजावे लागेल. त्यासाठी स्पंदित चुंबकीय उताराचे एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) ही पद्धत उत्तम आहे. तीत रेणूंतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर जागेची खूण केली जाते आणि काही दहा मिलिसेकंदांनंतर ती खूण किती पुसली गेली ते पाहिले जाते. तेवढ्या अवधीत रेणू एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या शेकडो पट अंतर भटकलेला असतो आणि वाटेत असंख्य शेजारी ओलांडून आलेला असतो. हा दीर्घकालीन गुणांक आणि द्रावणाची श्यानता यांचा गुणाकार, रेणू एकमेकांना फारसे चिकटत नसतील तर, बऱ्याच मोठ्या पल्ल्यात साधारण स्थिर राहतो. म्हणजे आपण अपेक्षिलेला व्यस्त संबंध निसर्गात आहे, पण तो या गुणांकाबाबत. न्यूट्रॉन स्पिन-एको या न्यूट्रॉन विखुरण्यावर आधारलेल्या पद्धतीने मोजले तर आणखी तिसरीच गोष्ट दिसते, कारण अल्ब्युमिनला स्वतःच्या त्रिज्येइतके सरकायला सेकंदाचा सुमारे ५० लाखावा भाग लागतो आणि ही पद्धत त्याहूनही कमी अवधीतली हालचाल पाहते. तेवढ्यात रेणू शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यातच वळवळत असतो, त्यामुळे हा अल्पकालीन गुणांक श्यानतेच्या मानाने बराच कमी घटतो.

प्रश्न : दोन प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वजनाला सारखी, आकाराला सारखी, विरल द्रावणात त्यांचे विसरणही सारखे, तरी लिटरमध्ये १५० ग्रॅम केले की एक सहज वाहते आणि दुसरे सुईतून ढकलता येत नाही. हे विरल द्रावणातच आधी ओळखता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येते, आणि औषधनिर्मितीत तसे केलेही जाते. त्वचेखाली टोचायच्या औषधाचे घनफळ सहसा एक-दोन मिलिलिटरच ठेवता येते, त्यामुळे मोठी मात्रा द्यायची तर द्रावण दाट करण्यावाचून गत्यंतर नसते. सुईतून ठरावीक वेगाने द्रव ढकलायला लागणारा दाब श्यानतेच्या प्रमाणात वाढतो आणि सुईच्या आतील त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून बारीक सुई आणि दाट द्रावण हे दोन्ही एकत्र परवडत नाही.

सुमारे दीड लाख डाल्टन रेणुभाराच्या या वाय आकाराच्या रेणूंची जलगतिकीय त्रिज्या पाच नॅनोमीटरच्या थोडी पुढे असते. लिटरमध्ये १५० ग्रॅमला त्यांच्या केंद्रांमधले अंतर १२ नॅनोमीटरच्या आत येते, म्हणजे ते जवळजवळ एकमेकांना खेटलेले असतात. अशा वेळी पृष्ठभागावर कुठे काय आहे याला महत्त्व येते. एका प्रतिपिंडाच्या भुजेवर ऋणभाराचा ठिपका असेल आणि दुसरीकडे धनभाराचा, किंवा पाणी टाळणारा भाग उघडा पडलेला असेल, तर रेणू क्षणभर एकमेकांना धरतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. दोन टोकांनी धरता येत असल्यामुळे त्यांच्या साखळ्या आणि जाळी बनतात. हे बंध अल्पायुषी असले तरी द्रवाला वाहण्यासाठी ते तोडावे लागतात आणि श्यानता कित्येक पटींनी चढते. निव्वळ भार मोजून हे कळत नाही. भाराची मांडणी कशी आहे ते पाहावे लागते.

विरल द्रावणातले एकच मोजमाप इथे पुरत नाही, कारण शून्य संहतीचा गुणांक फक्त रेणूचा आकार सांगतो. चार-पाच कमी संहतींवर डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगने गुणांक मोजावा आणि संहतीबरोबर त्याचा आलेख चढतो की उतरतो ते पाहावे. चढत असेल तर रेणू एकमेकांना लोटतात. उतरत असेल तर ओढतात. पहिल्या उत्तरात ज्या सामूहिक विसरणाने गोंधळ घातला तेच इथे उपयोगी पडते. उताराचा आलेख देणारे प्रतिपिंड दाट द्रावणात घट्ट होण्याची शक्यता जास्त असते. हा संकेत आहे, हमी नव्हे, कारण विरल द्रावणात दोन-दोन रेणूंची गाठ पडते, तर दाट द्रावणात अनेकांची एकाच वेळी, आणि जवळ आल्यावर जाणवणारी आखूड पल्ल्याची बले विरल द्रावणात पुरेशी दिसत नाहीत.

उपाय म्हणून आर्जिनीन या अमिनो आम्लाचे हायड्रोक्लोराइड किंवा साधे मीठ घालतात. ओढ विद्युतभाराच्या ठिपक्यांमुळे असेल तर मीठ ती झाकते आणि श्यानता उतरते. मात्र एखाद्या प्रतिपिंडात रेणूंना दूर ठेवणारा भारच मिठाने झाकला गेला तर परिणाम उलटाही होतो. तापमान वाढवले तरी श्यानता कमी होते, म्हणूनच शीतकपाटातली भरलेली सिरिंज वापरण्याआधी काही वेळ बाहेर ठेवायला सांगितलेले असते. अर्थात गार द्रव टोचताना होणारा त्रास टाळणे हेही त्यामागचे एक कारण आहे.

प्रश्न : पेशीद्रवाची श्यानता पाण्याच्या किती पट असते?

उत्तर : याला एक आकडा नाही. हिरवे चमकणारे प्रथिन जीएफपी पाण्यात सेकंदाला सुमारे ८७ चौरस मायक्रोमीटर या गुणांकाने विसरते. सस्तन प्राण्यांच्या पेशीद्रवात १९९७ मध्ये मोजलेला आकडा २७ होता, आणि ई. कोलाय या जिवाणूत १९९९ मध्ये तो ८ च्या जवळ आला. सूत्र डोळे मिटून लावले तर पहिल्या पेशीची श्यानता पाण्याच्या तिप्पट आणि जिवाणूची अकरा पट म्हणावी लागेल. पण त्याच जिवाणूत एखादा लहान रेणू सोडला तर तो याहून कितीतरी कमी मंदावतो, आणि रायबोसोमसारखा मोठा कण याहून कितीतरी अधिक.

ई. कोलायच्या आत लिटरमागे ३०० ते ४०० ग्रॅम महारेणू असतात, तर तांबड्या रक्तपेशीत एकट्या हिमोग्लोबिनची संहती ३३० ग्रॅमच्या आसपास असते. फिरणारा कण भोवतालच्या प्रथिनांपेक्षा बराच लहान असेल, तर तो त्यांच्यामधल्या पाण्यातून वाट काढतो आणि त्याला जवळजवळ पाण्याचीच श्यानता जाणवते. वळसा घालावा लागल्यामुळे लांबलेला मार्ग तेवढा वेगळा. कण त्यांच्याएवढा किंवा मोठा झाला की त्याला पुढे जाण्यासाठी प्रथिनांना बाजूला सारावे लागते, आणि मग द्रावणाची पूर्ण श्यानता त्याच्या वाट्याला येते. तांबड्या पेशीत ऑक्सिजन सहज फिरतो पण हिमोग्लोबिन स्वतः रेंगाळते, ते यामुळेच.

आणखी एक गुंतागुंत रेणूच्या स्वतःभोवती फिरण्याची आहे. सूत्राप्रमाणे श्यानता वाढली की सरकणे आणि फिरणे दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावायला हवीत. एनएमआरने एका लहान प्रथिनाचा अभ्यास झाला तेव्हा कृत्रिम बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) दाटीत त्याचे सरकणे अधिक मंदावले आणि फिरणे कमी. प्रथिनांच्याच दाटीत मात्र नेमके उलट झाले. बहुवारिकांची दाटी जाळीसारखी वाट अडवते, तर प्रथिनांचे पृष्ठभाग एकमेकांना अधूनमधून चिकटतात, आणि चिकटलेला रेणू फिरण्याच्या बाबतीत लगेच मोठ्या कणासारखा वागू लागतो, कारण फिरण्याला होणारा विरोध त्रिज्येच्या घनाबरोबर वाढतो, तर सरकण्याला होणारा फक्त त्रिज्येबरोबर. म्हणून पेशीतील गर्दीचे प्रयोग काचेच्या नळीत करताना फायकॉल किंवा डेक्स्ट्रान या बहुवारिकांऐवजी, शक्य असेल तिथे, खरी प्रथिनेच वापरावीत, आणि निष्कर्षासोबत कोणत्या कणाची, कोणत्या प्रकारची हालचाल आणि किती अवधीत मोजली, या तिन्ही गोष्टी नोंदवाव्यात.